पिवळ्या जाकिटाशिवाय

आमच्या घरापासून किलदरगचा मुख्य रस्ता चालत पाच मिनिटांवर आहे, आणि जुलैत त्या रस्त्यावर जी जत्रा भरते ती बघायला डब्लिनहून, गॉलवेहून, झालंच तर बेलफास्टहूनसुद्धा माणसं येतात. मी याच गावात जन्मलो, याच गावात भूगोलाचा मास्तर झालो, इथल्या दोन पिढ्यांना नकाशावर ॲमेझॉन शोधायला लावून घाम फोडला. पण जत्रा म्हणून जी काही असते ती मी कधी पाहिलेली नव्हती. जत्रेला येणाऱ्या मोटारी मात्र झाडून सगळ्या पाहिल्या होत्या.

कारण गुरांच्या बाजारामागच्या मैदानात मोटारी लावून घेण्याचं काम माझं. अंगात पिवळं जाकीट, तोंडात शिट्टी, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. कुणी म्हणेल, यात काय मोठंसं? त्याने एकदा जत्रेच्या दिवशी त्या मैदानात येऊन बघावं. वर्गात घसा फोडून जे मला कधी जमलं नाही ते तिथे नुसता हात वर केला की होतं. मोठमोठे वकील, डॉक्टर, एकदा तर एक बिशप, माझ्या तळहाताकडे बघत मुकाट्याने मागे मागे जात चिखलात गाडी लावून उतरले आहेत. असो. स्वतःची स्तुती पुरे.

तर यंदा आमची लेक डर्वला ऑस्ट्रेलियातून आली. पर्थहून. मी शिकवलेला भूगोल बाकी कुणी नाही, पण तिने जरा जास्तच मनावर घेतला. एरवी ती येते ती ख्रिसमसला. यंदा सुट्टी मिळाली म्हणून जुलैत आली, तर आम्हाला आनंद झाला आणि गावाला संशय आला. पण ते पुढे येईल.

आल्या आल्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावता लावता ती म्हणाली, "बाबा, शनिवारी तू माझ्याबरोबर जत्रेला यायचंस."

"येणारच आहे की. मी नसलो तर जत्रा होईल का?"

"मैदानात नाही. जत्रेत. पाहुणा म्हणून." मग आईकडे वळून म्हणाली, "आई, मी लहानपणी जत्रेत एकदाही हरवले नाही, माहितेय? कारण बाबा कुठे आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक असायचं. पण बदकांची शर्यत मात्र दर वर्षी कॉन्सेप्टाकाकूंचा हात धरून बघितली. आणि काकूंचा हात म्हणजे नुसता बर्फ."

"शर्यतीत काय असतं एवढं?" मी म्हणालो. "रबरी बदकं नदीत सोडतात. ती वाहत जातात. पाणी उताराकडे वाहतं, हे मी तुला चौथीत शिकवलंय."

"सोमवारी माझं विमान आहे, बाबा. मला एक दुपार पाहिजे. जाकीट नको, शिट्टी नको. हातात आईस्क्रीम घेऊन आपण दोघांनी पुलावर उभं राहायचं आणि बदकं बघायची. बस्स."

मागणं एवढंसं होतं. मी हो म्हणालो, आणि तिथून माझ्यामागे साडेसाती लागली.

अडचण अशी की आमच्या गावात तोंडावर कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. चहा विचारला तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा 'उगाच कशाला त्रास' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचा, ही साधी रीत. मोठ्या कामाला नकार द्यायचा तर हवामानाबद्दल बोलायचं, मग पाठीबद्दल, मग एखाद्या म्हाताऱ्या आत्याबद्दल. समोरचा शहाणा असतो, समजून जातो. डर्वला मात्र पर्थला जाऊन हे सगळं विसरून आली. शेजारच्या कॉन्सेप्टाबाईंनी कौतुकाने विचारलं, "चहा टाकू ना गं, बाळ?" तर ही सरळ म्हणाली, "नको, काकू." एकदाच! कॉन्सेप्टाबाई किटली हातात धरून तशाच उभ्या. नंतर कुंपणावरून माझ्या बायकोला हळूच विचारलं, "नोरीन, पोरीचं काही बिनसलंय का गं?"

तेव्हा मी रीतीप्रमाणे राजीनामा द्यायला मॅलकी ड्रोहनकडे गेलो. मॅलकी जत्रा समितीचा अध्यक्ष. त्याचं दारूचं दुकानही आहे आणि अंत्यविधीचा धंदाही. एकाच दाराने आत गेलं की डावीकडे पेले, उजवीकडे पेट्या. गावातला माणूस आयुष्यभर डावीकडे जातो आणि शेवटी एकदा उजवीकडे.

"ये ये, कोलमन. एक पेला भरू?"

"नको नको, मी आपला सहज डोकावलो."

"म्हणजे भरतोच."

मी हवामानापासून सुरुवात केली. पश्चिमेकडून ढग येताहेत, शनिवारचा भरवसा नाही. तिथून पाठीवर आलो. खरं तर माझ्या पाठीची कधी काही तक्रार नाही. पण वेळ पडली म्हणजे घरची पाठ कामी येते. "उभं राहिलं की कळ येते, मॅलकी. बसलं तरी येते."

"अरेरे."

"त्यात लेक आलीय. पर्थहून. इतक्या लांबून."

"ऐकलं मी," मॅलकीने आवाज एकदम खाली आणला. तो त्याचा उजवीकडचा आवाज.

"तेव्हा म्हटलं, आता तरण्याबांड पोरांना पुढे येऊ द्यावं. आपण किती दिवस?"

"अगदी बरोबर बोललास. आपण किती दिवस!"

"मैदान काय, कुणीही सांभाळेल."

"अगदी बरोबर."

यापेक्षा स्पष्ट राजीनामा आमच्या गावाच्या इतिहासात कुणी दिला नसेल. मी शीळ घालत घरी आलो. नोरीनने विचारलं, "नाही म्हणालास?"

"जवळजवळ."

"कोलमन, मॅलकीला जवळजवळ कळत नाही. जवळजवळ कळत असतं तर तो अध्यक्ष झाला असता का? ज्याला नकार ऐकूच येत नाही त्यालाच गाव अध्यक्ष करतं."

"मग काय, तोंडावर नाही म्हणू? ज्या माणसाच्या हातात आपण शेवटी जाणार त्याला?"

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या फाटकाशी मॅलकीची काळी शववाहिका येऊन थांबली. जत्रेच्या दिवसांत तो सगळं सामान तिच्यातूनच नेतो. झेंडे, खुर्च्या, एकदा तर रश्शाचं पातेलं. मधे जागा ऐसपैस असते. पण दिवस असो की प्रसंग, ती गाडी एखाद्याच्या फाटकाशी थांबली की गल्लीतले सगळे पडदे हलतात, तसे हलले. मॅलकीने मागचं दार उघडून एक घडीची खुर्ची काढली, एक उशी काढली आणि वर धुऊन इस्त्री केलेलं माझं पिवळं जाकीट ठेवलं.

"पाठीसाठी," तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "बसून कर, कोलमन. तुला कुणी काही बोलणार नाही."

मी आभार मानले. काय करणार? माणसाने उशी आणली होती.

गाडी गेली न गेली तोच कॉन्सेप्टाबाई कुंपणाशी हजर. "मास्तर, पाठ म्हणे?"

"थोडीशी."

"माझ्या दिराचीही पाठच दुखायची," त्या उसासा टाकून म्हणाल्या. "शेवटी पाठ नव्हतीच ती." मग आजाऱ्याशी बोलतात तशा आवाजात चार सल्ले दिले: गरम मीठ बांधा, गार पाणी टाळा, डोंगरापलीकडे सातव्या मुलाचा सातवा मुलगा आहे, अशांच्या हाताला गुण असतो म्हणतात, तो हात फिरवून बरं करतो, आणि मन मोठं करा. शेवटचा सल्ला पाठीला कसा लागू पडतो ते मला समजलं नाही. जाताना त्यांनी एका संताच्या झग्याचा कापडी तुकडा, काचेच्या डबीत घातलेला, माझ्या हातात कोंबला. "परत कधी द्यायची घाई नाही," म्हणाल्या. आणि डोळे पुसत गेल्या.

शनिवारी आभाळ भरलेलं होतं पण पाऊस पडत नव्हता. याला आमच्याकडे छान ऊन म्हणतात. मी जाकीट पिशवीत घातलं, ते मॅलकीला साभार परत करायचं ठरवलं आणि डर्वलाबरोबर निघालो. नोरीन केकच्या तंबूत सकाळीच गेली होती. शर्यत दुपारी होती, वेळ भरपूर होता. पण आमच्या गावातून पाहुणा म्हणून चालणं किती कठीण असतं ते त्या दिवशी कळलं. मोटारी लावणारा माणूस रस्त्याने सरळ जातो, त्याला कुणी अडवत नाही. पाहुण्याला मात्र जो तो थांबवतो. "काय मास्तर, हवा बरी आहे नाही?" "ही डर्वला ना? अगं किती वाळलीस!" "मास्तर, तुम्हाला मुळीच त्रास देणार नाही, पण हे टेबल जरा त्या टोकाने धरता का?" टेबल धरलं. एक बकरी धरली. ती शोभेच्या बकऱ्यांच्या स्पर्धेची होती आणि तिने माझा टाय चाखला. एका बाईंचं बाळ धरलं, आणि त्या ज्या गेल्या त्या तळलेले बटाटे खाऊन, मैत्रिणीला भेटून, हात धुऊन आल्या.

"बाबा, बकरीला नाही म्हणता आलं असतं," डर्वला म्हणाली.

"बकरीला आलं असतं गं. तिच्या मालकाला नाही."

आणि माझं चित्त थाऱ्यावर कुठे होतं! हातांना काय करावं कळेना. खिशात घातले, पाठीमागे बांधले, पुन्हा खिशात घातले. लांबून मैदानाकडून भोंगे ऐकू येत होते, आणि भोंग्यावरून मला गाडी कळते. ती टोयोटा वरच्या फाटकात आडवी लागली असणार. मागे ट्रॅक्टर. आता कुणीतरी घोडे नेणारी गाडी आत घालणार, की संपलं! माझा डावा हात आपोआप वर गेला. डर्वलाने तो खाली ओढला आणि त्यात आईस्क्रीम दिलं. ते मी एवढ्या घाईने खाल्लं की दात ठणकले.

चौकात एका उघड्या लॉरीवर व्यासपीठ केलं होतं. अकॉर्डियन वाजत होतं, आणि मॅलकी ध्वनिक्षेपक हातात घेऊन हरवलेल्या किल्ल्यांची घोषणा करत होता. मला बघून त्याने हात खाली घेतला.

"अरे कोलमन, तू इथे? तिकडे खालच्या फाटकाशी गाड्या तुंबल्यात रे!"

"त्याचं काय आहे, मॅलकी," मी म्हणालो, "पश्चिमेकडून ढग—"

"खुर्ची मोडली का? दुसरी देतो."

"खुर्ची उत्तम आहे. म्हणजे पाठ तशी... आणि माझी आत्या..."

मला आत्या नाही. डर्वला माझ्याकडे बघत होती. मग ती शांतपणे म्हणाली, "मी पुढे होते, बाबा. तुला जमलं तर ये."

जमलं तर ये! जी पोरगी चहालासुद्धा तोंडावर नको म्हणते तिने मला 'जमलं तर ये' म्हणावं? मला ते शब्द नेमके लागले, कारण ती भाषा मीच तिला शिकवलेली होती. ती पुलाच्या दिशेने दोन पावलं गेली, आणि माझ्या तोंडून जन्मात कधी निघाला नव्हता तो शब्द निघाला.

"नाही, मॅलकी! मी करणार नाही. यंदा नाही!"

ध्वनिक्षेपक चालू होता. माझं 'नाही' चौकातून, चर्चच्या भिंतीवरून, औषधांच्या दुकानावरून, पुलाखालून फिरून परत माझ्याकडे आलं. अकॉर्डियनवाल्याचा भाता अर्ध्यात थांबला. बकरीसुद्धा बघायला लागली. मॅलकीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग त्यावर हळूहळू एक फार कोमल भाव पसरला.

"समजलं, कोलमन," तो उजवीकडच्या आवाजात म्हणाला. "सगळं समजलं मला. तू बोलला नसतास तरी चाललं असतं."

काय समजलं ते विचारायच्या आत अख्ख्या रस्त्याला समजलेलं होतं. मास्तर 'नाही' म्हणाले. मास्तर! पाठ, शववाहिका, कॉन्सेप्टाबाईंचा दीर, चहा न पिणारी पोर. आणि मुख्य म्हणजे ऑस्ट्रेलियाहून कुणी जुलैत कशाला येईल? येईल ते एकाच कारणासाठी. गावाने ही सगळी बेरीज माझं आईस्क्रीम वितळायच्या आत करून टाकली. भूगोलात या लोकांचं डोकं असं चाललं असतं तर!

पहिला आला तो खाटीक. त्याने टोपी काढली, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि हलवत राहिला. त्याच्यामागे रांग लागली. "फार चांगले होता हो तुम्ही, मास्तर." होता! "आमच्या थोरल्याला तुम्ही छडी मारली होती, पण आम्ही मनात ठेवलं नाही." एका म्हातारीने माझ्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना सांगितल्याचं कार्ड हातात ठेवलं. मी म्हणालो, "अहो, मला काही झालेलं नाही!" ती मागे वळून सुनेला म्हणाली, "बघ, याला म्हणतात धीर." मी जरा रागावून म्हणालो, "मी ठणठणीत आहे!" तर रांगेतल्या दोघी रडायलाच लागल्या. मग मी बोलणं सोडून दिलं. जितकं जगतोय म्हणून सांगावं तितका मी जास्त मरत होतो.

डर्वलाला तोवर बायकांनी घेरून चहाच्या तंबूत नेलं होतं. तिचा लाल स्वेटर गर्दीत एकदा दिसला, मग दिसेना. आणि माझ्यासाठी, हे सांगतानाही मान खाली जाते, तीच घडीची खुर्ची आणली. मला पुलाच्या तोंडाशी, सगळ्यात पुढे, उशीवर बसवलं. गुडघ्यांवर चौकड्यांचं पांघरूण टाकलं. पांघरुणावर ॲपल पाय ठेवला, हॅमची सँडविचेस ठेवली. आजवर जत्रेत मला कुणी कोरडं बिस्किटही दिलेलं नव्हतं.

मॅलकी वाकून कानाशी आला. "दफनभूमीत वरच्या अंगाला एक जागा आहे. तिथून ओढा दिसतो. मी कुणापाशी बोललो नाहीये. तुझ्यासाठी धरून ठेवतो."

"मॅलकी, मी मरत नाहीये!"

"मीही तेच म्हणतो. घाई कसलीच नाही." आणि बोलता बोलता त्याची नजर माझ्या डोक्यापासून बुटांपर्यंत एकदा जाऊन आली. सवय असते माणसाला.

मग लॉरीवर फादर इग्नेशियस चढले. त्यांनी जत्रेचं बोलता बोलता आपल्या लाडक्या मास्तरांसाठी क्षणभर शांतता पाळायची विनंती केली. सगळा रस्ता उभा राहिला. मी बसलो होतो तो कसातरी उठून उभा राहिलो, तर चौघांनी मला प्रेमाने खाली दाबलं. माझ्यासाठी पाळलेली ती शांतता माझ्याने तोडवेना. मी मान खाली घालून स्वतःला श्रद्धांजली वाहिली.

शांतता मोडली ती मैदानातल्या भोंग्यांनी. एक, दोन, मग एकदम पाच-पंचवीस. पाठोपाठ कुणीतरी धावत येऊन मॅलकीच्या कानात काहीतरी कुजबुजलं, आणि मॅलकीने माझ्याकडे चोरून बघितलं. "मास्तरांना सांगू नका," असं मला स्पष्ट ऐकू आलं. पण सांगायला कशाला हवं? वरचं फाटक तुंबलं होतं. मिरवणूक आत, बँडवाले आत, आणि ज्या ट्रॅक्टरच्या गाडीत रबरी बदकं होती तो ट्रॅक्टरही आत. पुलावर माणसं, खाली नदी, आणि बदकं गुरांच्या बाजारात!

पांघरुणाखाली माझे हात वळवळायला लागले. "आधी ती टोयोटा काढा," मी पुटपुटलो. "मग घोड्यांची गाडी मागे. मागे... मागे... थांब. आता ट्रॅक्टर." माझ्याभोवतीच्या बायकांना वाटलं मी प्रार्थना म्हणतोय. त्यांनी डोळे मिटले. "डेअरीचा टँकर कुंपणाला लावा," मी म्हणालो, आणि त्या म्हणाल्या, "आमेन."

एवढ्यात गर्दीतून वाट काढत डर्वला आली. डोळे लाल. माझ्या खुर्चीसमोर ती उकिडवी बसली.

"बाबा, तंबूतल्या सगळ्या बायकांनी मला मिठ्या मारल्या. तू मरतोयस म्हणे."

"माझ्याही कानावर आलंय."

ती हसली नाही. "खरं सांग. तुला काही झालंय का?"

"काही नाही गं. मॅलकीला कटवायला पाठ काढली मी."

"आई म्हणाली तसंच. पण मला तंबूत बसल्या बसल्या एक कळलं," ती म्हणाली. "उद्या खरोखर काही झालं, आणि मी तिकडे फोनवर विचारलं, बाबा कसा आहेस, तर तू मला हवामान सांगशील."

तिचं म्हणणं खरं होतं. पर्थला फोन लागला की मी अर्धा वेळ पावसाबद्दलच बोलतो. एवढ्या लांबच्या पोरीला दुसरं काय सांगायचं, घर रिकामं वाटतं म्हणून?

"सांगेन," मी म्हणालो.

"सरळ?"

"सरळ."

मग तिने पांघरूण उचललं, ॲपल पाय फादरांच्या हातात दिला, आणि पिशवीतून जाकीट काढून माझ्यासमोर धरलं. "चल, ऊठ. नाहीतर हे लोक बदकांऐवजी तुलाच नदीत सोडतील."

"पण आपलं ठरलं होतं, जाकीट नाही म्हणून."

"तुझे हात बघ जरा, बाबा."

माझा उजवा हात त्या क्षणी एका काल्पनिक ट्रॅक्टरला डावीकडे बोलावत होता. मी जाकीट चढवलं आणि उठलो. रस्त्यात असा उसासा उठला की काय सांगू! मेलेला माणूस उठून पिवळं जाकीट घालून तरातरा मैदानाकडे निघालेला गावाने पहिल्यांदाच बघितला. मॅलकीच्या चेहऱ्यावर आनंद होता. पण हाताशी आलेली ओढ्याकाठची जागा परत जाणार म्हणून थोडी हळहळही होती, हे मी पैजेवर सांगतो. कॉन्सेप्टाबाईंनी तर वाटेतच डबी मागितली. "आता तुम्हाला लागायची नाही ना? मग परत द्या. आणि ॲपल पायची बशी माझीच आहे."

मैदानात काय माजलं होतं ते सांगत बसत नाही. टोयोटा होती तिथेच होती. डर्वलाने शेडमधलं एक जुनं जाकीट अंगात घातलं, ते तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं, आणि खालचं फाटक घेतलं. मी वरचं घेतलं. तिला शिकवावं लागलं नाही. एका जाड्या माणसाने आपली चकचकीत गाडी मधेच सोडून म्हटलं, "दोनच मिनिटं हं, ताई," तर ही म्हणाली, "नाही." एकदाच. तो गाडीत जाऊन बसला! हे 'नाही' चहाच्या वेळी उद्धट वाटलं होतं, पण मैदानात ते सोन्यासारखं होतं. बघता बघता ट्रॅक्टर सुटला, बँड सुटला, बदकं नदीकडे गेली.

मग भुरभुर सुरू झाली. मी फाटकाच्या खांबाला टेकलो, डर्वला शेजारी येऊन टेकली. पुलाकडून ओरडा ऐकू आला, मग टाळ्या. शर्यत झाली होती. आम्ही दोघांनी ती पाहिली नव्हती.

"पाणी उताराकडे वाहिलं असेल," ती म्हणाली.

"बहुतेक."

तिने खिशातून एक हॅमचं सँडविच काढलं, माझ्या श्रद्धांजलीतलं, आणि अर्धं मला दिलं. आम्ही खात उभे राहिलो. मला तिला एक गोष्ट विचारायची होती. ती आल्यापासून विचारायची होती. मी म्हणालो, "रात्रीपर्यंत उघडेल असं वाटतंय. वारा फिरलाय."

"बाबा, तू आत्ता हवामानाबद्दल बोलतोयस."

"हो."

"मग काय विचारायचंय?"

एवढ्यात मॅलकी आला. तो कधीही येतो. त्याने माझ्याशी हात मिळवला, जिवंत माणसाशी मिळवतात तसा, आणि डर्वलाकडे वळला. जे मला इतके दिवस जमलं नव्हतं ते त्याने एका दमात विचारून टाकलं. "पोरी, फाटक काय सांभाळलंस! पुढच्या वर्षी येशील ना? खालचं फाटक तुझंच."

मी आता त्या 'नाही'ची वाट बघत होतो. एकच येईल, सरळ, स्वच्छ. मी खांब धरला.

डर्वलाने बुटाने चिखल उकरला. "त्याचं काय आहे, मॅलकीकाका," ती म्हणाली, "जुलैत तिकडे हिवाळा असतो. पाऊसही बरा पडतो. सुट्टीचं तसं... आणि माझ्या एका मैत्रिणीची आत्या..."

"अगदी बरोबर," मॅलकी म्हणाला. "अगदी बरोबर बोललीस."

तो गेल्यावर ती माझ्याकडे बघेना. मीही तिच्याकडे बघितलं नाही. आम्ही शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत तिथे उभे राहिलो, आणि त्यानंतर आमच्याशी हात मिळवायला कुणीही आलं नाही.

सोमवारी ती गेली. दोन दिवसांनी पुन्हा काळी गाडी फाटकाशी आली आणि गल्लीतले पडदे हलले. मॅलकीने एक पिवळं जाकीट दिलं. नवं, लहान मापाचं, इस्त्री केलेलं. "पुढच्या वर्षासाठी," म्हणाला. "त्या जुन्यात पोर बुडाली होती."

नोरीन म्हणते, त्याला आताच सांगून टाक, ती यायची नाही. बिचारा भरवशावर राहील. तिचं खरं आहे. जाकीट डर्वलाच्या खोलीत दाराच्या खुंटीवर टांगलंय. सांगेन मी मॅलकीला. परवा सांगायलाच गेलो होतो. बराच वेळ बसलो, हवामानाबद्दल बोललो आणि उठून आलो.